साक्ष आणि विलंब : बेसबॉलच्या धावत्या वर्णनाविषयी काही विचार

धावते वर्णन हा वाङ्मयप्रकार मानावा की नाही, या वादात शिरण्याचे प्रस्तुत लेखात प्रयोजन नाही. कीर्तन, पोवाडा आणि भारूड यांचा अभ्यास ज्या विभागांत होतो, तेथे मुखाने घडणाऱ्या आणि ऐकताऐकता विरून जाणाऱ्या रचनेस अभ्यासविषय म्हणून जागा मागावी लागू नये. आमच्यापुढील प्रश्न त्याहून मर्यादित आहे. बेसबॉलच्या व्यावसायिक सामन्याचे नभोवाणीवरील पहिले धावते वर्णन 5 ऑगस्ट 1921 रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरल्ड आर्लिन यांनी केले. 26 ऑगस्ट 2002 रोजी न्यूयॉर्क यांकीज आणि टेक्सस रेंजर्स यांचा सामना इंटरनेटवरून चित्रासह दाखविण्यात आला. अमेरिकेतील मुख्य लीगच्या बाबतीत हा पहिलाच प्रयोग होता. या दोन तारखांमधील ऐंशी वर्षांत या कलेचे संकेत स्थिर झाले होते. इंटरनेटवरील प्रक्षेपणाने, म्हणजे रूढ शब्दात स्ट्रीमिंगने, त्या संकेतांचे काय केले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

ज्यांनी बाळ ज. पंडित यांचे क्रिकेटचे मराठी वर्णन नभोवाणीवर ऐकले आहे, त्यांना या कलेची गोडी निराळी सांगावयास नको. परंतु बेसबॉलचा एक विशेष ध्यानी घेतला पाहिजे. तीन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो काळ फारच थोडा. उरलेला सारा वेळ पिचरने चेंडू टाकण्याची वाट पाहण्यात जातो. या खेळाला घड्याळ ठाऊक नव्हते. 2023 च्या हंगामापासून पिचरवर सेकंदांची मर्यादा आली आणि सामन्याचा सरासरी काळ सुमारे चोवीस मिनिटांनी घटला. पण तोवर शंभर वर्षे या खेळाच्या वर्णनकारास मिळालेली सामग्री म्हणजे मुख्यतः रिकामा वेळ होती. कीर्तनकाराचा पूर्वरंग जसा मूळ अभंगाच्या आजूबाजूला वाढतो, तसे हे वर्णन दोन चेंडूंमधील पोकळीत वाढले. खेळाडूच्या गावची हकिकत, वाऱ्याची दिशा, मागच्या वर्षीचा असाच एक प्रसंग, आणि मध्येच, वाक्य अर्धवट सोडून, चेंडू. जो वर्णनकार आपली गोष्ट चेंडूच्या तालावर तोडू आणि पुन्हा जोडू शकतो तो कसबी, असे साधे लक्षण करता येईल.

या कसबाचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे विन स्कली. 1950 साली ते ब्रुकलिनच्या डॉजर्स संघासाठी बोलू लागले, 1958 मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला तेव्हा त्याच्याबरोबर गेले, आणि 2016 मध्ये, सदुसष्ट हंगामांनंतर, थांबले. 2022 साली त्यांचे निधन झाले. उत्तरकाळी ते शेजारी सहकारी न घेता एकटेच बोलत. दोन माणसे एकमेकांशी बोलू लागली म्हणजे श्रोता तिसरा ठरतो. एकटा माणूस बोलतो तेव्हा तो श्रोत्याशीच बोलतो. लॉस एंजेलिसच्या अवाढव्य कॉलिसियममध्ये मैदान इतके दूर दिसे की प्रेक्षक ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि जे डोळ्यांपुढे घडत आहे तेच स्कली यांच्या तोंडून ऐकत. 1960 मध्ये एका पंचाचा वाढदिवस असल्याचे त्यांनी सांगितले, आणि त्यांच्या इशाऱ्यासरशी सारे मैदान शुभेच्छागीत गाऊ लागले. त्या पंचाला हे काय चालले आहे ते क्षणभर कळले नसावे.

या प्रसंगात केवळ गंमत नाही. वक्ता, श्रोता आणि घटना ही तिन्ही एकाच क्षणात उभी असल्याखेरीज असे घडू शकत नाही. 9 सप्टेंबर 1965 च्या रात्री सँडी कोफॅक्स यांनी शिकागो कब्जच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना एकही बेस न देता बाद केले. त्या सामन्याच्या नवव्या डावाचे स्कली यांचे नभोवाणीवरील वर्णन ध्वनिमुद्रित रूपाने उपलब्ध आहे, आणि त्याचा शब्दशः पाठ पुढे गद्य म्हणून छापलाही गेला. त्यात ते पुनःपुन्हा घड्याळातील वेळ सांगतात. शेवटचा फलंदाज बाद होतो तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये रात्रीचे नऊ वाजून सेहेचाळीस मिनिटे झालेली असतात, आणि 29,139 लोक मैदानात असतात. त्यानंतर अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ ते बोलत नाहीत. फक्त गर्दीचा आवाज ऐकू येतो. वेळेचा तो उच्चार एखाद्या शिलालेखातील शकासारखा आहे. त्या मिनिटाला मी येथे होतो आणि तुम्हीही होता, अशी ती नोंद आहे.

इंटरनेटवरील प्रक्षेपणात हा समान क्षण उरत नाही, आणि याचे कारण यंत्राच्या घडणीतच आहे. चित्र व ध्वनी यांचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकडा कमी-अधिक स्पष्टतेच्या निरनिराळ्या प्रतींत तयार होतो. ठिकठिकाणच्या यंत्रांवर तो ठेवला जातो. आणि पाहणाऱ्याच्या हातातील यंत्र अडखळू नये म्हणून काही तुकडे आधीच साठवून मग दाखवू लागते. यात अर्धा मिनिट सहज जातो, कधी त्याहून अधिक. शेजारच्या घरातील आरोळी आधी ऐकू येते आणि होम रन मागाहून दिसतो. शिवाय पाहणारा चित्र थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो. अशा श्रोत्याला नऊ वाजून सेहेचाळीस मिनिटे झाल्याचे सांगितले, तर ते कोणाच्या घड्याळात?

येथे कोणी संजयाचे उदाहरण पुढे करील. संजयाला आद्य धावता वर्णनकार म्हणण्याची आपल्याकडे चालच पडली आहे. परंतु भीष्मपर्व ज्यांनी लक्षपूर्वक वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की संजय रणांगणावरून परत येतो, दहाव्या दिवशी भीष्म पडल्याची वार्ता धृतराष्ट्राला प्रथम सांगतो, आणि मग मागे जाऊन युद्धारंभापासून कथन करतो. गीता धृतराष्ट्राने ऐकली ती भीष्म शरशय्येवर पडल्यानंतर. म्हणजे संजयाचे वर्णनही विलंबानेच पोहोचलेले आहे, आणि तरी त्याच्या साक्षीला बाध येत नाही. विलंब हा स्वतः दोष नव्हे, हे आम्हास मान्य आहे. तो झाकला जातो की नाही, हा खरा प्रश्न.

बेसबॉलच्या इतिहासातच याचा पुरावा आहे. 1930 नंतरच्या दशकात दूरच्या मैदानावर वर्णनकार पाठविणे खर्चाचे असे. म्हणून मैदानावरून तारेने संक्षिप्त संकेत येत आणि केंद्रातील खोलीत बसलेला मनुष्य त्यांवरून सगळा सामना उभा करी. तारेत येई तो केवळ निकाल. आकाशाचा रंग, फलंदाजाने टोपी सावरणे, गर्दीची उसळी ही सारी भर त्याची. लाकडावर लाकूड आपटून बॅटचा आवाज काढीत, तबकडीवर गर्दी वाजवीत. आयोवा राज्यातील डी मॉइन येथे डब्ल्यूएचओ केंद्रावर रोनाल्ड रेगन हेच काम करीत. एकदा तार तुटली तेव्हा आपण फलंदाजाकडून फाउलमागून फाउल मारवून वेळ कसा काढला, ही गोष्ट ते पुढे अनेकदा रंगवून सांगत असत. गोष्ट मौजेची आहे. पण त्या काही मिनिटांत श्रोत्याला जे ऐकविले गेले ते कोठेच घडले नव्हते.

याच काळातील रेड बार्बर यांची रीत निराळी होती. तारेवरून सामना सांगताना ते तारयंत्राची कडकड मुद्दाम श्रोत्यांच्या कानी पडू देत. मी मैदानावर नाही, माझ्यापर्यंत हे तारेने आले आहे, हे श्रोत्याला प्रत्येक संकेताबरोबर कळे. आमच्या मते धावत्या वर्णनाच्या समीक्षेला यापेक्षा चांगली कसोटी सापडणार नाही. निवेदकाने आपले स्थान उघड ठेवावे, ही मागणी आपण कादंबरीकडूनही करतो; येथे ती अधिक निकडीची आहे, कारण येथे कथन सत्य म्हणून ऐकले जाते.

ही कसोटी जुनी झाली असे वाटत असतानाच 2020 चा हंगाम आला. साथीमुळे साठ सामन्यांचा हा हंगाम प्रेक्षकांवाचून खेळला गेला. परगावच्या सामन्यांचे वर्णनकार आपल्याच गावच्या मैदानात किंवा स्टुडिओत बसून पडद्यावर पाहून बोलले, आणि मैदानांत एका व्हिडिओ-खेळातून घेतलेला गर्दीचा आवाज सोडण्यात आला. तबकडीवरची गर्दी ऐंशी वर्षांनी परत आली म्हणावयाची. पडद्यावर पाहणाऱ्याला कॅमेरा दाखवील तेवढेच दिसते; चेंडू हवेत असताना मैदानाच्या कडेचा क्षेत्ररक्षक कोठे उभा आहे हे त्याला कळत नाही. जे वर्णनकार ही अडचण बोलून दाखवीत, त्यांचे वर्णन तुटक असूनही विश्वसनीय राही. जे ती सफाईने झाकीत, ते भाषेच्या दृष्टीने निर्दोष असूनही पोकळ वाटत. हे मत सर्वांस पटेलच असे नाही. तथापि तार कडकडली पाहिजे, यावर आम्ही ठाम आहो.

आकड्यांचा प्रश्न याहून लहान आहे, जरी त्याचीच चर्चा अधिक होते. 2015 पासून मुख्य लीगच्या तीसही मैदानांवर स्टॅटकास्ट ही मापनपद्धती आली, आणि चेंडू बॅटवरून किती वेगाने व किती अंशांत निघाला हे तत्क्षणी सांगता येऊ लागले. 2022 मध्ये ॲपलच्या वाहिनीवर शुक्रवारचे सामने सुरू झाले तेव्हा फलंदाज बेसवर पोहोचण्याची शक्यता टक्क्यांत पडद्यावर दिसू लागली. आकडा खोटा नसतो. मात्र तो वाट पाहण्याची जागा व्यापतो, आणि वर्णनकाराची गोष्ट त्या जागेतच राहत होती. त्या वाहिनीने पुढे संघांच्या स्थानिक नभोवाणीचा आवाज चित्राबरोबर निवडण्याची सोय केली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण केवळ हळहळ व्यक्त करणे हे समीक्षेचे काम नव्हे. पाठाभ्यासाच्या दृष्टीने इंटरनेटवरील प्रक्षेपणाने जे दिले आहे ते पूर्वी कोणालाच उपलब्ध नव्हते. 3 ऑक्टोबर 1951 रोजी बॉबी थॉमसन यांच्या होम रनने न्यूयॉर्क जायंट्सनी डॉजर्सना हरविले. त्या क्षणाचे रस हॉजिस यांचे वर्णन आज सर्वतोमुखी आहे. एकच विजयवाक्य ते भान हरपून पुनःपुन्हा उच्चारतात. परंतु ते टिकले ते एका श्रोत्याच्या घरच्या ध्वनिमुद्रणामुळे. तोच क्षण डॉजर्सच्या केंद्रावरून बार्बर सांगत होते, संयमाने. हॉजिस यांचा आवेश त्यांना रुचला नव्हता. दूरचित्रवाणीवर तोच क्षण अर्नी हार्वेल सांगत होते, आणि त्यांचा पाठ जतनच झाला नाही. एखाद्या ग्रंथाची एकच पोथी उरावी आणि तीच प्रमाण ठरावी, तसे हॉजिस यांचे झाले आहे. लोकांच्या स्मृतीत 1951 चा तो क्षण जेत्यांच्या बाजूचा आहे, याला थोडे कारण पोथीच्या नशिबाचेही आहे.

15 ऑक्टोबर 1988 च्या बाबतीत दैव अधिक उदार होते. दोन्ही पायांनी दुखावलेले कर्क गिब्सन नवव्या डावात, दोन बाद असताना, बदली फलंदाज म्हणून आले आणि डेनिस एकर्स्ली यांना होम रन मारून त्यांनी ओकलंडविरुद्धचा सामना 5-4 असा जिंकून दिला. राष्ट्रीय नभोवाणीवर जॅक बक आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नसल्याचे सांगतात; तेथे साक्षीदार स्वतःच कथेचा विषय होतो. दूरचित्रवाणीवर स्कली चेंडू गेल्याचे एका लहानशा वाक्यात सांगतात आणि मिनिटाहून अधिक काळ गप्प राहतात. हा फरक केवळ स्वभावाचा नाही. ज्याचे श्रोते पाहू शकत नाहीत त्याला गप्प राहता येत नाही. ज्याचे पाहू शकतात त्याला ते येते, पण धैर्य लागते. पाठ शेजारी ठेवून वाचले तरच हे दिसते.

अशी तुलना आज जवळजवळ प्रत्येक सामन्याची करता येते. लीगच्या इंटरनेट-सेवेवर यजमान संघाचे दृश्य वर्णन, पाहुण्या संघाचे दृश्य वर्णन, आणि दोहोंचे नभोवाणी वर्णन असे एकाच घटनेचे चार पाठ ग्राहकास निवडता येतात. मौखिक परंपरेच्या अभ्यासकास इतके पाठभेद, इतके तारीखवार, क्वचितच लाभतात. मात्र हे भांडार सर्वांस सारखे खुले नाही. स्थानिक हक्कांच्या करारांमुळे जवळच्या संघांचे सामने त्या त्या प्रदेशातील ग्राहकांस थेट पाहण्यास बंदी असे. ज्या आयोवा राज्यातून रेगन न पाहिलेले सामने ऐकवीत, त्याच राज्यात अनेक हंगाम एकूण सहा संघांचे थेट चित्र या सेवेवर मिळत नव्हते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. त्याच सेवेवर सामन्याची संक्षिप्त प्रतही मिळते. तीत दोन चेंडूंमधील वेळ कापलेला असतो, म्हणजे गोष्टी कापलेल्या असतात आणि मौनही. विद्यार्थी घाईत हीच प्रत पाहतात आणि तीवरून वर्णनकाराच्या शैलीविषयी अनुमान काढतात. म्हणून आमची सूचना अशी की, या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्याने प्रत्येक उताऱ्यापुढे तो दृश्य पाठातील की नभोवाणीचा, यजमानांचा की पाहुण्यांचा, पूर्ण प्रतीतील की संक्षिप्त, आणि वर्णनकार त्या दिवशी मैदानावर उपस्थित होता की पडद्यासमोर बसला होता, हे नोंदवावे. शेवटची नोंद बहुधा सामन्याच्या माहितीत छापलेली नसते. ती वर्णन ऐकूनच काढावी लागते.