खाणीतला अपघात, घरातला खोकला

दलित साहित्याच्या चर्चेत कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा संदर्भ नवा नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिने आपले नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकन निग्रो साहित्याचा मराठी वाचकाला सविस्तर परिचय करून दिला. परंतु आपली नजर प्रामुख्याने अमेरिकेकडे राहिली. आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये, विशेषतः तिथल्या खाणींमध्ये जे लिहिले गेले, त्याच्याकडे आपण फारसे वळलो नाही. मी ज्या यवतमाळ जिल्ह्यात शिकवतो तिथे ही उणीव अधिक बोचते. वणीच्या परिसरात जमिनीखाली कोळसा आहे आणि राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. पलीकडे वर्धा नदी ओलांडली की वरोरा लागते. तिथे इंग्रज सरकारने १८७० च्या दशकापासून १९०६ पर्यंत कोळशाची खाण चालवली. इतक्या वर्षांच्या या काळ्या धुळीची मराठी कादंबरीत किती नोंद आहे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

पीटर अब्राहम्स या दक्षिण आफ्रिकी लेखकाची ‘माइन बॉय’ ही कादंबरी १९४६ साली प्रसिद्ध झाली. अब्राहम्स यांचा जन्म १९१९ साली जोहान्सबर्गच्या एका गरीब वस्तीत झाला. ‘कलर्ड’ म्हणून नोंद झालेल्या समाजात ते वाढले आणि १९३९ साली त्यांनी देश सोडला. कादंबरीची कथा साधी आहे. झुमा नावाचा धट्टाकट्टा तरुण उत्तरेकडच्या खेड्यातून जोहान्सबर्गला येतो, सोन्याच्या खाणीत लागतो आणि आपल्या ताकदीवर टोळीचा मुकादम होतो. लिया नावाची, चोरून दारू विकणारी खंबीर बाई त्याला आसरा देते. खाणीत जाण्याआधीच ती त्याला बजावते की खाणीतली माणसे आधी खोकतात, मग रक्त थुंकतात आणि मग मरतात. म्हणजे रोग या कादंबरीत उशिरा येत नाही. कामाच्या पहिल्या दिवसाआधीच तो उंबरठ्यावर उभा असतो, आणि वस्तीला तो ठाऊक असतो. त्यासाठी तिला कुठल्या डॉक्टरची गरज पडत नाही.

पुढे झुमाच्या टोळीतला एक मजूर रक्त खोकताना आढळतो. हे दुखणे त्याने लपवलेले असते, कारण गावाकडच्या जमिनीवर एका गोऱ्याचे कर्ज आहे. रोग उघड झाला तर काम जाईल, काम गेले तर जमीन जाईल आणि बायकामुले उघड्यावर पडतील. इथे लेखकाने फार मोठी गोष्ट पकडली आहे. वसाहतीतल्या खाणीत रोग ही केवळ शरीराची अवस्था राहत नाही, ती कर्जाच्या हिशेबाचा भाग होते. मजूर आपल्या फुप्फुसावर काही महिन्यांची मुदत मागत असतो. अखेर झुमा आपल्या गोऱ्या वरिष्ठाकडे, पॅडीकडे जातो. पॅडी रदबदली करून पैसे मिळवून देतो आणि तो आजारी माणूस समाधानाने गावी निघून जातो.

वर्गात हा भाग शिकवत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, तो मानूस गावाले गेल्यावर किती दिवस जगला?’’ मला उत्तर देता आले नाही, कारण कादंबरी त्याच्याकडे परत जातच नाही. त्या प्रश्नाने माझे या कादंबरीचे वाचन बदलले.

‘माइन बॉय’चा शेवट आठवावा. खाणीतला एक भाग खचतो. बाकीचे बाहेर पडावेत म्हणून जोहान्स हा काळा मुकादम आणि ख्रिस हा त्याचा गोरा वरिष्ठ छत तोलून धरतात आणि दोघेही मरतात. झुमा ठामपणे सांगतो की दुरुस्ती झाल्याशिवाय आम्ही खाली उतरणार नाही. संप होतो, पॅडी मजुरांच्या बाजूने उभा राहतो आणि पोलीस लाठ्या चालवतात. म्हणजे छत कोसळल्यावर बंड झाले. पण फुप्फुस कोसळले तेव्हा झाली ती रदबदली. एकाच कादंबरीत एकाच खाणीचे हे दोन मृत्यू आहेत. अपघाताच्या वाट्याला संघर्ष आला आणि रोगाच्या वाट्याला दया आली.

हा दोष केवळ अब्राहम्स यांचा नाही. खाणीवरच्या कादंबरीची ही जणू रीतच आहे. झोला यांच्या ‘जर्मिनल’मध्ये (१८८५) बोनमोर हा म्हातारा सुरुवातीलाच काळा बेडका थुंकतो, पण कथेचा कळस मात्र खाणीत शिरलेल्या पुराचा आहे. क्रोनिन यांच्या ‘द सिटाडेल’मध्ये (१९३७) खाणकामगारांच्या फुप्फुसाचा रोग महत्त्वाचा आहे, पण तिथे नायक डॉक्टर आहे आणि कामगार हा त्याच्या संशोधनाचा विषय आहे. हिंदीत संजीव यांची ‘सावधान! नीचे आग है’ ही मोलाची कादंबरी १९७५ च्या चासनाला दुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर उभी आहे. अपघाताला तारीख असते, मृतांचा आकडा असतो आणि वर्तमानपत्रात जागा असते. रोगाला यातले काहीच नसते. तो हजेरीपटावरून नाव कमी झाल्यानंतर, दूरच्या खेड्यात, अंधाऱ्या खोलीत आपले काम पुरे करतो.

आणि नेमका तिथेच वर्णभेद आपले खरे काम करतो. छत कोसळले तेव्हा जोहान्स आणि ख्रिस, काळा आणि गोरा, एकत्र मेले. धूळ मात्र कामाच्या वाटणीप्रमाणे छातीत जाते, आणि ही वाटणी रंगानुसार ठरलेली होती. १९११ साली दक्षिण आफ्रिकेत दोन कायदे झाले. एकाने खाणीतली कुशल कामे गोऱ्यांसाठी राखण्याची वाट मोकळी केली, तर दुसऱ्याने खाणकामगारांच्या क्षयासाठी भरपाईची तरतूद केली. त्या दुसऱ्या कायद्यापासून सुरू झालेल्या व्यवस्थेत गोऱ्या कामगारासाठी नियमित तपासणी आणि निवृत्तिवेतन आले. काळ्याच्या हाती एकरकमी किरकोळ रक्कम आणि गावाकडचा रस्ता आला. एकाच धुळीचे कायद्याने दोन रोग केले. त्या गावाकडे पाठवलेल्या माणसांची दखल घ्यायला किती काळ लागला पाहा. सहा खाण कंपन्यांनी पाच अब्ज रँडची तडजोड मान्य केली ती २०१८ साली आणि न्यायालयाने ती मंजूर केली २०१९ साली. कादंबरीला तोवर त्र्याहत्तर वर्षे झाली होती.

कादंबरीतला आणखी एक मुद्दा दलित वाचकाला खटकल्याशिवाय राहणार नाही. पॅडी झुमाला शिकवतो की आधी माणूस म्हणून विचार कर, काळा म्हणून नंतर. हा उपदेश आपल्या परिचयाचा आहे. आधी वर्ग, मग जात, असे आपल्यालाही सांगण्यात आले. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. परंतु रंग विसरण्याची सूचना ज्याला रंगाची किंमत मोजावी लागत नाही त्याच्याकडून यावी, हे तपासून पाहिले पाहिजे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. लँकेशायरमध्ये याच पद्धतीवर रोग पसरवते म्हणून टीका झाली. आपल्याकडे मात्र अडचण रोगाची नव्हती, विटाळाची होती. जास्त पगाराचे खाते विटाळाच्या नावाखाली राखीव राहिले. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. वर्ण आणि जात एकच आहेत असे नाही. पण कोणाचे शरीर झिजवायचे आणि कोणाचे जपायचे, हे कामाआधीच ठरवून ठेवण्याची रीत दोन्हींत सारखी आहे.

आता आपल्या साहित्याकडे येऊ. अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आपण भूक आणि दारिद्र्याची कथा म्हणून वाचतो. मला ती खाणीची कथाही वाटते. भीमा हा मुंबईच्या उपनगरातल्या दगडाच्या खाणीत काम करणारा पहाडासारखा गडी. खाण बंद पडते आणि तो मढ्यांच्या राखेत सोने शोधू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती तो कायमची गमावतो. त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते आणि तो लहान मुलासारखा रडतो. खाणीने त्याचे शरीर मोडले ते काम देऊन नव्हे, तर काम काढून घेऊन. ही इजा कुठल्याच नोंदवहीत बसत नाही, तिला भरपाई नाही. अब्राहम्स यांनी ज्या माणसाला गावच्या वाटेवर सोडून दिले, त्याच्या मागे अण्णाभाऊ स्मशानापर्यंत गेले. हजेरीपटाबाहेरच्या शरीराला त्यांनी कथेच्या मध्यभागी आणले. हे बळ मला ‘माइन बॉय’मध्ये सापडत नाही.

मात्र दयेखेरीज दुसरा मार्ग आहे का, असा प्रश्न उरतोच. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये झरियाच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर उपकर बसला आणि त्यातून कामगारांच्या आरोग्याचा, घरांचा, पाण्याचा खर्च करण्याची सोय झाली. पॅडीने एका माणसासाठी केलेली रदबदली आणि हा उपकर यांत मूलभूत फरक आहे. रदबदली झाली की मजूर ऋणी होतो. उपकरात कोळसाच मजुराचा ऋणी ठरतो.

तरीही कायदा तेवढ्याच रोगाला ओळखतो, ज्याला कोणी नाव दिलेले असते. माझा आजा वणी तालुक्यातल्या एका चुनाभट्टीवर दगड फोडायचा आणि भट्टी भरायचा. त्याच्या दुखण्याला घरात ‘दमा’ म्हणत. दवाखान्याच्या कागदावर ‘क्षय’ लिहिले होते. या दोन्ही नावांत भट्टी कुठेच नव्हती. धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग क्षय म्हणून नोंदला जाणे आपल्या देशात नेहमीचे आहे. त्याचा खरा रोग कोणता होता हे मी आज सांगू शकत नाही, कारण ते कोणी तपासलेच नाही. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी त्याच्याविषयी लिहायला बसलो, तेव्हा मलाही प्रथम सुचला तो भट्टीवरचा एखादा स्फोट, एखादी दरड. खोकल्यावर कथा कशी उभी करायची हे मला कोणत्याच पुस्तकाने शिकवले नव्हते.

पण दलित आत्मकथनांनी याहून अवघड काम केलेले आहे. रोजच्या, सावकाश, बिनतारखेच्या अपमानाला त्यांनी साहित्याच्या केंद्रस्थानी आणले आणि त्यातून विद्रोह उभा केला. जे अपमानाच्या बाबतीत साधले ते रोगाच्या बाबतीत का साधू नये? उकणी, घोन्सा, राजूर, भांदेवाडा या गावांतली मुले आता महाविद्यालयांत येत आहेत. त्यांनी आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना दोन प्रश्न विचारावेत : काम काय केले, आणि खोकला केव्हा लागला? उत्तरे लिहून काढावीत, तारखांसह. त्यातून सर्वांच्याच कादंबऱ्या होतील असे नाही. पण ‘तो माणूस गावाले गेल्यावर किती दिवस जगला’ या प्रश्नाला निदान आपल्याकडे उत्तर असेल.