परिचारिकांचे औषधज्ञान : प्रश्नावलीची मर्यादा

परिचारिकांच्या औषधविषयक ज्ञानाचे मापन हा परिचर्याशास्त्रातील पदव्युत्तर प्रबंधांचा आता रूढ विषय झाला आहे. या प्रबंधांची घडण बहुधा ठरीव असते : बहुपर्यायी प्रश्नावली, मग पाठ, पुन्हा तीच प्रश्नावली आणि अखेर गुणांतील वाढ. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ हे पाच दंडक परिचारिकेस ठाऊक आहेत की नाहीत, एवढे तीवरून निश्चित कळते. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. गर्भिणीच्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट देताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाची गती व लघवीचे प्रमाण पाहावयाचे आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवावयाचे, हे जिला माहीत नाही तिच्या हाती ते इंजेक्शन देणे धोक्याचे होय. परंतु औषध दिल्यानंतरची देखरेख हा या ज्ञानाचा उत्तरार्ध आहे. त्याचा आरंभ पुष्कळदा रुग्णाच्या वाक्यापासून होतो, आणि नेमके तेच प्रश्नावलीच्या पकडीत येत नाही.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत ही उणीव विशेष जाणवावी अशी आहे. किनवटकडे गोंडी, कोलामी व बंजारा बोली, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कन्नड आणि गावोगावी दखनी, असा हा भाषिक प्रदेश आहे. रुग्णाची तक्रार बोलीत आणि तिची नोंद इंग्रजीत, या प्रवासात अर्थ गळतो. ‘सगळं गरगरतं’ आणि ‘उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. जेंटामायसिन किंवा अमिकॅसिन चालू असता पहिले वाक्य अंतःकर्णाच्या इजेची शंका उत्पन्न करते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याचे दुसरे वाक्य दाब उतरल्याचे सुचविते. नोंदवहीत मात्र दोहोंना ‘गिडीनेस’ हा एकच शब्द मिळतो. ‘गोळी उष्ण पडली’ या उक्तीचेही तसेच. तोंड येणे, लघवीची जळजळ, अंगावरील पुरळ, यांपैकी काहीही तीत दडलेले असू शकते. तिला अडाणी समजूत मानणारी परिचारिका खूण गमावते. ‘उष्ण पडली म्हणजे काय झालं?’ असे विचारणारी देखरेखीस आरंभ करते.

प्रश्नावल्यांची मराठी परिभाषाही तपासावयास हवी. ‘दुष्परिणाम’ हा शब्द प्रत्येक अनपेक्षित परिणामास आधीच दोषी ठरवितो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने लघवी तांबूस होते. ती निरुपद्रवी असते. त्याच उपचारात डोळे पिवळे होणे, उलट्या होणे व अन्नावरची वासना जाणे ही यकृताच्या इजेची लक्षणे असू शकतात. तेव्हा डॉक्टरांना तत्काळ कळविणे आवश्यक ठरते. हा भेद आधी समजावला नाही, तर रुग्ण भयाने गोळ्याच सोडतो. बोलीतील ‘बाधणे’ हे क्रियापद येथे अधिक काटेकोर आहे : तांबूस लघवी हा परिणाम खरा, पण औषध बाधले असे नव्हे.

भारतीय औषधदक्षता कार्यक्रम 2010 साली सुरू झाला. त्यात परिचारिकांनाही नोंद करता येते. रुग्णांसाठी मराठी नमुनाही आहे. तथापि ऐकलेच चुकीचे गेले, तर नोंद बरोबर कशी उतरणार? म्हणून गुणांबरोबरच रुग्णाच्या प्रत्यक्ष वाक्यांवर पुढचा प्रश्न रचण्याची परीक्षा घेतली जावी, आणि या दोन जिल्ह्यांतील आजारविषयक बोलशब्दांचा संग्रह भाषाविभाग व परिचर्या-महाविद्यालये यांनी मिळून हाती घ्यावा.