नटीच्या लेखणींतील मौन

नटी नाटक लिहूं लागली कीं, रंगभूमीवरची हौस ती आतां कागदावर पुरवून घेत आहे, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. एलिझाबेथ रॉबिन्स (१८६२–१९५२) ह्या लंडनच्या रंगभूमीवर नांव मिळविलेल्या अमेरिकन नटीची कारकीर्द पाहिली म्हणजे हा समज टिकत नाहीं. अभिनय, नाट्यव्यवस्था आणि लेखन हे रॉबिन्सबाईंचे तीन निराळे उद्योग नव्हते. एकाच उणिवेवर शोधलेले ते तीन उपाय होते.

ती उणीव भूमिकांची. १८८८ मध्यें बाई लंडनला आल्या तेव्हां तेथील रंगभूमीचीं सूत्रें नट-व्यवस्थापकांच्या हातीं होतीं. नाटक निवडावयाचें तें त्यांना शोभेल असें, आणि नायिकेनें उजळावयाचें तें नायकाच्या तेजानें! बाईंनीं मॅरियन ली ह्या मैत्रिणीसह कर्ज उभारून १८९१ च्या एप्रिलमध्यें इब्सेनचें ‘हेडा गाब्लर’ रंगभूमीवर आणलें. बाई हेडा झाल्या, ली थिया झाली. केवळ दुपारच्या खेळांपुरतें योजिलेलें तें नाटक लौकरच रात्रींच्या खेळांत गेलें. १८९३ मध्यें ‘मास्टर बिल्डर’मधील हिल्डाही त्यांनींच इंग्रज प्रेक्षकांपुढें उभी केली.

त्याच वर्षीं फ्लॉरेन्स बेल आणि रॉबिन्स ह्या दोघींनीं मिळून लिहिलेलें ‘अ‍ॅलन्स वाइफ’ हें नाटक लेखिकांचें नांव गुप्त ठेवून रंगभूमीवर आलें. नवरा गिरणींतील अपघातांत मेलेला, मूल जन्मतः पंगु. जगाच्या हालांतून त्याला सोडविण्यासाठीं जीन त्याचा जीव घेते. शेवटल्या प्रवेशांत तिला प्रश्न विचारले जातात, पण ती बहुतेक मुकीच राहते. तिचीं उत्तरें संहितेंत छापलेलीं आहेत, मात्र तीं बोलावयाचीं नाहींत. तीं मुद्रेनें कळवावयाचीं! नटीच्या सामर्थ्यावर पूर्ण विश्वास असल्याखेरीज असा प्रवेश कोणी लिहिणार नाहीं. जीनची भूमिका स्वतः रॉबिन्सबाईंनींच केली होती.

‘व्होट्स फॉर विमेन!’ (१९०७) ह्या त्यांच्या गाजलेल्या नाटकांत तो विश्वास थोडा ढळलेला दिसतो. ट्रॅफल्गार चौकांतील सभेचा दुसरा अंक, त्यांतील टवाळखोर गर्दीसह, अस्सल आहे. ग्रॅनव्हिल बार्कर ह्यांच्या दिग्दर्शनाखालीं तो गाजलाही. तिसऱ्या अंकांत मात्र व्हिडा आपल्या जुन्या प्रियकराकडून, एका पुढाऱ्याकडून, व्यक्तिगत अन्यायाची भरपाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या रूपानें मागते. कल्पना धाडसी आहे. पण तेथें पात्रें वाद घालतात आणि मनें बोलावयाचीं राहून जातात. हेतु थोर असला म्हणून कलेचा हिशेब चुकता होत नाहीं. आमच्या मतें बाईंचें खरें यश जीनच्या मौनांत आहे.

हा विचार आपल्यालाही दूरचा नाहीं. १९३३ मध्यें ‘नाट्यमन्वंतर’नें ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली तेव्हां इब्सेनी वळणाच्या तंत्राबरोबर स्त्रीभूमिकाही स्त्रियांकडे दिल्या. तें पाऊल मोठेंच होतें. परंतु दुसऱ्यानें लिहिलेलें दुःख उत्तम रीतीनें बोलून दाखविणें निराळें, आणि कोठें बोलूं नये हें नटीनें स्वतः ठरविणें निराळें. रॉबिन्सबाईंनीं हा दुसरा हक्क मिळविला. त्यांच्या नाटकांतील दोष मान्य करूनही तो विसरतां येत नाहीं.