लांब पहाट : टिळकांचं आर्क्टिक केबिनमध्ये वाचताना

यंदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं मित्र नॉर्वेच्या उत्तरेला, ट्रॉम्सोच्या पुढे, डोंगरातल्या एका लाकडी केबिनमध्ये राहिलो. रस्ता संपतो तिथून स्कीवर जायचं, सामान मागे घसरगाडीवर ओढायचं. मी देवबागचा. वाळूत चालायचा सराव असलेला माणूस बर्फात किती वेळा पडतो, हे मित्रांनी मोजलं. मी मोजलं नाही.

केबिनमध्ये वीज नाही, रेंज नाही. म्हणून फोनमध्ये एक पीडीएफ आधीच उतरवून ठेवली होती : लोकमान्य टिळकांचं १९०३ सालचं इंग्रजी पुस्तक, ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’. आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं आणि त्याची आठवण वेदांत शिल्लक आहे, असा त्याचा दावा. रत्नागिरीत जन्मलेल्या माणसानं हे लिहिलं, तेव्हा ध्रुवावर कोणाचंच पाऊल पडलेलं नव्हतं.

हे पुस्तक माझ्यावर उधारी होती. आजोबा शाळामास्तर. त्यांच्या कपाटात ते होतं आणि त्यांच्या बोलण्यातही. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, मी म्हणालो, “आजोबा, हे सगळं बोगस आहे.” एक पानही न वाचता. ते काही बोलले नाहीत. पुन्हा त्यांनी माझ्याकडे तो विषय काढला नाही, आणि दोन वर्षांनी ते गेले.

वाचायला घेतल्यावर पहिला धक्का बसला तो पद्धतीचा. टिळक थेट ऋचांवर उडी मारत नाहीत. आधी एक यादी करतात : नेमक्या ध्रुवावर उभ्या माणसाला आकाश कसं दिसेल, आणि ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात कसं दिसेल. ध्रुवावर सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र आणि महिन्या-दोन महिन्यांची एकच पहाट, तीही क्षितिजावरून चाकासारखी फिरणारी. जरा खाली आलात तर लांब रात्र, लांब दिवस आणि मधल्या काळात नेहमीसारखे दिवस-रात्र. सूर्य कायम दक्षिणेला. ही यादी पक्की झाल्यावरच ते विचारतात, की यातलं वेदांत काय सापडतं? आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी कोडआधी टेस्ट केसेस लिहिल्या. ऑफिसात हे आम्हीही दर वेळी करत नाही.

मग पुरावे येतात, आणि ते गमतीचे नाहीत. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या एका सूक्तात पहाट फुटल्यापासून सूर्य उगवेपर्यंत बरेच दिवस गेल्याचा उल्लेख टिळकांना दिसतो. तैत्तिरीय संहितेत उषा तीस बहिणी आहेत. ऐतरेय ब्राह्मणात सूर्योदयाआधी किमान हजार ऋचा म्हणायच्या आहेत. रात्र सुखरूप पार पडू दे, अशी प्रार्थना आहे, आणि पूर्वी लोकांना उजाडणारच नाही अशी भीती वाटे, असं तिचं जुनं स्पष्टीकरण आहे. टिळक विचारतात, रोज बारा तासांनी उजाडणाऱ्या देशात ही भीती कोणाला वाटेल?

मालवण १६ अक्षांशावर. रापणीला जाणाऱ्याला विचारा, झुंजुमुंजू झाल्यापासून सूर्य वर यायला तासभर पुरतो. केबिनमध्ये मात्र साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला एक गुलाबी पट्टी उठायची, रुंद व्हायची, आता सूर्य येणार असं वाटायचं. तो यायचा नाही. दीडनंतर तीच पट्टी विझायला लागायची. पहाट आणि संध्याकाळ एकच, मध्ये दिवस नाही. चौथ्या दिवशी पट्टी पहिल्या दिवसापेक्षा जास्त वेळ टिकली, तेव्हा आम्ही चौघंही स्वयंपाक टाकून बाहेर उभे होतो. ‘वैदिक उषा’ हे पाचवं प्रकरण मी त्या रात्री पुन्हा वाचलं. त्यातली उषांची अनेकवचनं पहिल्यांदा मला व्याकरणाची वाटली नाहीत.

पण इथेच सावध व्हायला हवं. मला जे दिसलं त्यामुळे ते प्रकरण सुंदर झालं, खरं झालं नाही. तीस बहिणी म्हणजे महिन्याच्या तीस पहाटा, हा साधा अर्थ माझ्या गुलाबी पट्टीमुळे रद्द होत नाही. शिवाय टिळकांच्या टेस्ट केसेस चांगल्या असल्या तरी त्या नापास होऊच शकत नाहीत. ऋचा ध्रुवाशी जुळली तर ती जुनी आठवण. नद्या, पाऊस, रोजची सकाळ आली तर ती नंतरची भर, दक्षिणेकडे आल्यावरची. जी टेस्ट कधीच लाल होत नाही, तिच्यावर कुठलाही टीम लीड भरवसा ठेवणार नाही.

दुसरा दोष मोठा. टिळकांच्या मते ध्रुवाजवळ पूर्वी हवा सौम्य होती, आणि इसवी सनापूर्वी १०,००० ते ८,००० च्या सुमारास शेवटच्या हिमयुगानं ते घर उद्ध्वस्त केलं. आजची कालगणना सांगते, की ते हिमयुग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपलं. म्हणजे टिळकांचे आर्य बर्फाला भिऊन पळाले, त्याच सुमारास प्रत्यक्षात बर्फ माघार घेत होता. त्याआधीचा उबदार काळ शोधायचा तर एक लाख वर्षांहून मागे जावं लागतं, आणि इतक्या मागे ऋचा काय, गायीसुद्धा पाळलेल्या नव्हत्या. टिळकांनी त्या काळातल्या भूगर्भशास्त्रज्ञांचे आकडे घेतले, ही त्यांची लबाडी नव्हे. रेडिओकार्बन पद्धत यायला अजून चाळीसेक वर्षं होती. पण इमारत त्या आकड्यांवर उभी होती आणि पाया सरकला. आज आमच्या गावाहून काही तासांवर, गोव्यात वास्कोला, ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, आणि २००८ पासून स्वालबार्डमध्ये भारताचं ‘हिमाद्री’. आता आर्क्टिकचे प्रश्न तिथे जाऊन विचारता येतात.

माझी वाचक म्हणून तक्रार मात्र वेगळी आहे. या पुस्तकात आकाश आहे, जमीन नाही. केबिनमधले आमचे दिवस पहाटेत कमी आणि लाकडं फोडण्यात जास्त गेले. बादलीभर बर्फ वितळवला की तांब्याभर पाणी. ओले मोजे शेगडीवर कोणी आधी टांगायचे यावरून भांडण. टिळकांनी हवा सौम्य केली आणि थंडीचा प्रश्नच मिटवला. उरला फक्त अंधार. तो अंधार ते एलएलबीच्या सफाईनं मांडतात, प्रतिपक्षाचा मुद्दा आधीच उचलून खोडतात, पण त्यात माणसं कशी राहिली असतील हे फारसं दिसत नाही. परत आल्यावर आजीनं मला जे विचारलं ते पाचशे पानांत नाही : “थंय सूर्यच उगवणा नाय, तर कोंबडो कधी आरवता?”

तरी प्रस्तावनेतली एक गोष्ट मनातून जात नाही. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना शिक्षा झाली. मॅक्स म्युलरनं आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती त्यांना तुरुंगात पाठवली. सरकारनं ती वापरू दिली, आणि रात्री काही तास दिवाही. लांब रात्रीच्या या पुस्तकाची सुरुवात अशा मोजून मिळालेल्या उजेडातली आहे. याचा पुरावा म्हणून उपयोग नाही, हे मला कळतं. पण ‘बोगस’ हा शब्द मी मागे घेतो. चूक आणि बोगस यांत फरक असतो. बोगस पुस्तक शंभर वर्षांनी पान-पान तपासून चुकीचं ठरवावं लागत नाही, ते आपोआप विसरलं जातं.

आजोबांना मी आजही तेच म्हणालो असतो, की हे सिद्ध होत नाही. फक्त पाहुणे गेल्यावर, अंगणात बसून, पुस्तक समोर ठेवून.

देवबागला आल्यावर त्यांची प्रत कपाटातून काढली. पाचव्या प्रकरणात एसटीचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलेलं आहे. तिथेच थांबले, की पुन्हा पुन्हा तिथेच येत होते, ते तिकिटावरून कळत नाही. विचारायला हवं होतं.