'स्नॉग'चा साक्षीदार : ब्रिटिश बोलभाषेतील प्रणयशब्दांविषयी

शरीरव्यवहारांना बोलभाषेत मिळालेली नावे भाषाविचारात आणि साहित्यविचारात सहसा दोनच कप्प्यांत टाकली जातात. पहिला कप्पा आच्छादनाचा : जे उघड बोलता येत नाही ते सौम्य शब्दाखाली झाकावयाचे. दुसरा उघडेपणाचा : जे झाकलेले आहे ते आडदांड शब्दाने उघडे करावयाचे. चुंबन-आलिंगनासाठी ब्रिटनमधील बोलभाषेत जे शब्द रुळले आहेत त्यांच्यापुढे ही विभागणी निकामी ठरते. 'स्नॉग' हा शब्द काहीच झाकत नाही; तो उच्चारताच कोणती क्रिया अभिप्रेत आहे हे ऐकणाऱ्याला कळते. आणि तो अश्लीलही नाही. अश्लील असता तर बीबीसीच्या तरुणांसाठी असलेल्या वाहिनीने २००८ ते २०१३ या काळात 'स्नॉग मॅरी अव्हॉइड?' या नावाने कार्यक्रम चालविला नसता. मम्मटाने अश्लील दोषाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार मानले, आणि ग्राम्यता हा दोष त्याहून वेगळा धरला. हा भेद येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. 'स्नॉग' ग्राम्य आहे, अश्लील नाही. त्याने लाज वाटत नाही, हसू येते. प्रश्न असा की हे हसू कोणाचे, आणि कोणाकडे पाहून आलेले?

या शब्दकुळाचा इतिहास थोडक्यात पाहण्यासारखा आहे, मात्र त्यातून फार मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. 'कनूडल' हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचा शब्द; त्याचा उगम अंधुक आहे. त्याच शतकातला 'स्पून' हा 'स्पूनी', म्हणजे प्रेमाने खुळावलेला, या विशेषणाच्या घरातला. 'स्मूच'मागे 'स्माउच' हे जुने ध्वन्यनुकारी रूप आहे. 'हँकी-पँकी'चा १८४० च्या दशकातला अर्थ हातचलाखी, लबाडी असा होता. तो प्रणयचेष्टांकडे वळला विसाव्या शतकात. ग्लासगोकडच्या 'विंचिंग'मध्ये 'वेंच' हा मुलीसाठीचा जुना शब्द दडलेला आहे. आणि 'स्नॉग' लेखी रूपात दिसू लागतो तो १९४० च्या दशकात. त्याची व्युत्पत्ती कोशकारांना सापडलेली नाही. तो ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातून तिकडे गेला असावा असेही सुचविले गेले आहे. भारतीय अभ्यासकाला अशा तर्काचा मोह पडणे स्वाभाविक आहे, परंतु पुरावा नसताना हिंदुस्थानी धातू शोधत बसणे ही वसाहतवादाची उलटी गंमत होईल. शिवाय 'स्नॉग' कोठून आला यापेक्षा तो कोण, कोणाला, केव्हा म्हणतो हे पाहणे अधिक फलदायी आहे.

तो सहसा प्रत्यक्ष क्षणात उच्चारला जात नाही, ही पहिली लक्षणीय गोष्ट. 'किस' हे क्रियापद आज्ञार्थात, विनवणीत, काव्यात, विवाहविधीत सर्वत्र चालते. 'स्नॉग' मात्र संबोधनाचा शब्द म्हणून क्वचित येतो, आणि आला तरी थट्टेचा सूर घेऊनच येतो. त्याची खरी जागा वृत्तान्तात आहे. बसथांब्यावर दोघे काय करीत होते, पार्टीत काल रात्री कोण कोणाबरोबर होते, हे तिसऱ्याने चौथ्याला सांगताना तो वापरला जातो. कथनमीमांसेच्या परिभाषेत सांगावयाचे तर या शब्दात दृष्टिबिंदू आधीच बसविलेला आहे, आणि तो प्रेमिकांचा नाही, बघ्याचा आहे. दोन देह एकमेकांत गुंतलेले असताना आतून जे वाटते त्याचा या शब्दाला पत्ताच नाही. बाहेरून जे दिसते, म्हणजे थोडा वेंधळेपणा, थोडा ओलसर आवाज, वेळकाळाचे भान सुटलेली दोन माणसे, तेवढेच तो टिपतो. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारातून सांगितली आणि शृंगाराची अनुकृती म्हणजे हास्य असे म्हटले, त्याचा प्रत्यय एका अक्षराच्या या शब्दात यावा हे विलक्षण आहे. 'स्नॉग' ही चुंबनाची अनुकृती आहे : तीच क्रिया, पण साक्षीदाराच्या चेहऱ्यावरच्या हसण्यासह.

हे बघ्याचे स्थान ब्रिटिश समाजात वर्गनिरपेक्ष नव्हते. डेव्हिड लीन यांचा 'ब्रीफ एन्काउंटर' हा १९४५ चा चित्रपट, नोएल कॉवर्ड यांच्या 'स्टिल लाइफ' या एकांकिकेवर आधारलेला, या दृष्टीने पुन्हा पाहावा. लॉरा आणि अॅलेक हे दोघे विवाहित, मध्यमवर्गीय. रेल्वे स्थानकाच्या भुयारी वाटेत ते एकमेकांचे चुंबन घेतात, आणि पावलांचा आवाज आला की दचकतात. लॉरा सगळी कहाणी मनातल्या मनात नवऱ्याला सांगते. नवरा समोर शब्दकोडे सोडवीत बसलेला असतो आणि त्याला एक अक्षरही ऐकू जात नाही. त्याच स्थानकाच्या उपाहारगृहात मात्र तिकीट तपासनीस अल्बर्ट आणि काउंटर सांभाळणारी मर्टल यांची उघड थट्टामस्करी चाललेली असते. अल्बर्ट तिला चापटी मारतो, ती रागावल्याचे नाटक करते. समीक्षकांनी या उपकथानकाला बहुधा विनोदी विसावा मानले आहे. पण ते त्याहून अधिक आहे. खालच्या वर्गाला प्रणयाची बोली आहे, म्हणून त्यांचा प्रणय जगासमोर चालतो. मध्यमवर्गाला केवळ प्रतिष्ठित शब्द आहेत आणि त्या शब्दांचा भार परिस्थितीला पेलत नाही, म्हणून त्यांचा प्रणय मौनात जातो. हसता येत नाही अशा भाषेत अडकलेल्या माणसांची ती शोकांतिका आहे.

या बोलीचे चित्ररूप म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत विकली जाणारी विनोदी पोस्टकार्डे. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४१ मध्ये डोनाल्ड मॅकगिल यांच्या कार्डांवर लिहिताना असे दाखविले की त्यांतला चावटपणा हा नीतिबंधनांविरुद्धचा उठाव नसून ती बंधने पक्की आहेत या खात्रीवरच तो उभा आहे. हे निरीक्षण मार्मिक आहे. तरीही १९५४ मध्ये लिंकनच्या न्यायालयात मॅकगिल यांच्यावर १८५७ च्या अश्लीलताविरोधी कायद्याखाली खटला चालला आणि त्यांना दंड झाला. ग्राम्य आणि अश्लील यांतला मम्मटाचा भेद त्या न्यायालयाला मान्य नव्हता, असे गमतीने म्हणता येईल.

आतापर्यंतचे विवेचन या बोलीला अनुकूल आहे. बाख्तिन यांनी हास्याचे जे कार्य सांगितले, की ते वस्तूला जवळ आणते, तिच्याभोवतीचे दबदब्याचे वलय नाहीसे करते, ते या शब्दांना लागू पडते. रोलाँ बार्थ यांनी १९७७ च्या आपल्या प्रेमभाषेवरील ग्रंथात म्हटले की आधुनिक काळात अश्लील ठरली आहे ती लैंगिकता नव्हे, भावविवशता. तसे असेल तर 'स्नॉग' हा भावविवशतेच्या लाजेपासून वाचविणारा शब्द होय. परंतु येथेच थांबणारे वाचन भोळे ठरेल. प्रत्येक गोष्टीकडे हसून पाहणाऱ्या शब्दाला हवेहवेसे आणि नकोसे यांतला फरक कळतो काय, हा प्रश्न टाळता येत नाही, आणि त्याचे उत्तर व्याकरणात शोधावे लागते.

'कनूडल' हे जवळजवळ नेहमीच अकर्मक चालते. दोघे मिळून 'कनूडल' करतात. एकाने दुसऱ्याला 'कनूडल' केले असे सहसा म्हटले जात नाही. परस्परता त्या क्रियापदाच्या बांधणीतच आहे. 'स्नॉग' दोन्ही रीतींनी चालतो. 'ते स्नॉग करीत होते' ही एक रीत, आणि 'त्याने तिला स्नॉग केले' ही दुसरी. अर्थाच्या दृष्टीने ही क्रिया एकट्याची असू शकत नाही : कपाळाचे, हाताचे, झोपलेल्या मुलाचे चुंबन एकतर्फी असते, पण 'स्नॉग'ला दोन तोंडे आणि काही अवधी लागतो. अर्थ दोघांची मागणी करतो आणि व्याकरण एकट्याला मुभा देते. या फटीत बरेच काही लपू शकते. 'पुल' हा शब्द आणखी पुढे जातो. मूळ अर्थ खेचणे. पार्टीतून परतलेल्या मित्राला 'खेचलेस का?' एवढेच विचारले जाते. येथे कर्मही गळून पडले आहे. जिला किंवा ज्याला खेचले ती व्यक्ती वाक्यातच नाही.

पण सर्वांत बोलका दाखला 'स्लॅप अँड टिकल' हा. दोन महायुद्धांमधील काळात रुळलेला हा शब्दसमूह म्हणजे शब्दशः चापटी आणि गुदगुल्या. आणि तो येतो तो बहुधा 'जरासे' या अर्थाच्या 'अ बिट ऑफ'च्या मागून. क्रियापद नाही, म्हणून कर्ता नाही. हात कोणाचा आणि गाल कोणाचा हे सांगण्याची गरज नाही. शिवाय 'जरासे' म्हटल्यावर तक्रारीची सोयही उरत नाही. अॅडम फिलिप्स या मनोविश्लेषकाने १९९३ च्या आपल्या निबंधसंग्रहात चुंबनाबरोबर गुदगुल्यांचाही विचार केला आहे. गुदगुल्या स्वतःला करता येत नाहीत, दुसरा लागतो. आणि हसणाऱ्याचे हसू असहायतेत कधी बदलले हे करणाऱ्याला कळेलच असे नाही. १९५८ ते १९७८ या काळात निघालेल्या 'कॅरी ऑन' मालिकेतील तीस चित्रपटांचा विनोद मोठ्या प्रमाणात याच अनिश्चिततेवर पोसलेला आहे. इंग्लंड-वेल्सच्या २००३ च्या लैंगिक गुन्हे कायद्यात संमती म्हणजे निवडीने दिलेला होकार, आणि ती निवड करण्याचे स्वातंत्र्य व क्षमता, अशी व्याख्या आली. या व्याख्येच्या उजेडात 'स्लॅप अँड टिकल' वाचला की त्यातला पहिला शब्द, जो इतकी वर्षे कानावर पडूनही ऐकू येत नव्हता, तो ऐकू येतो. चापटी तिथे पहिल्यापासूनच होती. अल्बर्टच्या चापटीवरचे मर्टलचे रागावणे नाटकच होते, हेही मग तितक्या निश्चितपणे म्हणता येत नाही. ते नाटक आहे असे ठरविले ते पाहणाऱ्यांनी.

१९९० च्या दशकातील स्त्रियांच्या लोकप्रिय लेखनाने ही बघ्याची जागा उलटविली, हे त्या लेखनाचे दुर्लक्षित श्रेय आहे. हेलन फील्डिंग यांच्या 'ब्रिजेट जोन्सेज डायरी' (१९९६) या कादंबरीत निवेदिका आपल्या नोंदींतून 'मी' हे सर्वनाम वारंवार गाळते आणि 'स्नॉग'सारखे शब्द स्वतःच्याच अनुभवासाठी वापरते. हा केवळ लघुलेखनाचा लहेजा नाही. कर्तृपद गाळून ती स्वतःच्या प्रणयाची साक्षीदार बनते. दुसऱ्याने हसण्याआधी आपणच हसून घेते. त्यात संरक्षण आहे तसे दुःखही आहे, आणि कादंबरीचे यश या दोहोंच्या मिश्रणात आहे. लुईस रेनिसन यांच्या १९९९ च्या किशोरकादंबरीच्या शीर्षकात 'फुल-फ्रंटल स्नॉगिंग' असे शब्द आले. अमेरिकी आवृत्तीला ब्रिटिश शब्दांचा अर्थ सांगणारी सूची जोडावी लागली, आणि २००८ च्या चित्रपटात 'फुल-फ्रंटल' जाऊन 'परफेक्ट' आले. लक्षात घेण्याजोगे हे की काढले गेले ते विशेषण. 'स्नॉगिंग' निर्विघ्न राहिले.

या सर्वांपासून दूर उभा आहे तो वेल्समधला 'कुच्'. (मराठी वाचकाला संस्कृत 'कुच' आठवला तर तो निव्वळ ध्वनियोग, व्युत्पत्तीच्या मोहाचा आणखी एक नमुना.) तेथील इंग्रजीत हा शब्द कवेत घेण्यासाठी वापरतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ जिन्याखालची अडगळीची खोली, कोळसा ठेवण्याची जागा असा आहे. 'कुच्' देणे म्हणजे एका अर्थी जागा देणे. येथे बघ्या नाही. हा शब्द आई मुलाला म्हणते, प्रेयसी प्रियकराला म्हणते, आणि तो मागता येतो. 'स्नॉग'मध्ये नसलेले संबोधन 'कुच्'मध्ये आहे, म्हणून त्यात हास्यही नाही. असलीच तर ऊब आहे. मराठीतील 'कुशीत घेणे' त्याच्या बरेच जवळ जाते, कारण कूस हीदेखील आधी एक जागा आहे.

'स्नॉग'ला मात्र मराठीत असे सहज घर मिळत नाही, आणि अडचण समजली जाते त्याहून वेगळी आहे. अनुवादक सामान्यतः शब्दाच्या पातळीची तक्रार करतात : 'चुंबन' फार संस्कृत, 'मुका' लावणीतला किंवा लहान मुलांचा, 'पापा' तर निव्वळ बाळबोध, 'किस' परका. ही तक्रार खरी असली तरी ती सुटण्यासारखी आहे. न सुटणारी गोष्ट सहायक क्रियापदाची. मराठीत मुका घ्यावा लागतो किंवा द्यावा लागतो. 'त्याने तिचा मुका घेतला' आणि 'तिने त्याला मुका दिला' या दोन वाक्यांत कोण पुढे झाले हे सांगितल्यावाचून सुटका नाही, आणि 'एकमेकांचे मुके घेतले' म्हटले तरी घेणे हे घेणेच राहते. बसथांब्यावरची ती दोन माणसे, ज्यांच्यात कोणी घेतले आणि कोणी दिले हे बघ्यालाही ठाऊक नाही, मराठी वाक्यात येताच त्यांच्यात घेणारा आणि ज्याचे घेतले तो असा हिशेब सुरू होतो. 'त्याने तिला स्नॉग केले' हे इंग्रजी वाक्य जे संदिग्ध ठेवते, त्याचा निर्णय मराठी अनुवादकाला पहिल्याच क्रियापदाशी करावा लागतो. तो कोणत्या पुराव्यावर करावा, हे मूळ संहिता त्याला सांगत नाही.