‘फिर क्या हुआ?’ आणि ‘मुकर्रर’

नानी किस्सा सांगायची तेव्हा तिची एक अट असे. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. हातिमताई हुस्नबानोच्या सात सवालांपैकी चौथ्या सवालाशी येऊन ठेपला की नानी मुद्दाम पानाचा डबा उघडी आणि आम्ही मुले एका सुरात विचारत असू, ‘फिर क्या हुआ?’ हा प्रश्न आला नाही की पोरे झोपली असे समजून ती दिवा मालवत असे. पुढे अब्बांचे बोट धरून मुशायऱ्याला जाऊ लागलो, तेव्हा तेथला रिवाज निराळा दिसला. तेथे ‘पुढे काय झाले’ असे कोणीच विचारत नव्हते. शेर काळजाला भिडला की लोक म्हणत, ‘मुकर्रर!’ म्हणजे पुढे जाऊ नका, तेच पुन्हा म्हणा.

ऐकण्याच्या या दोन रीती आमच्या घरात शेजारी शेजारी नांदल्या. वर्गात शिकवतानाही त्या भेटतातच. मसनवीत एक बैत दुसरीला हात देते आणि किस्सा पुढे सरकतो. गझलेत प्रत्येक शेर आपल्यापुरता पुरा असतो. एका शेरात विरह, दुसऱ्यात जगाची रीत, तिसऱ्यात खुदाशी तक्रार. या सुट्या शेरांना एकत्र बांधतात ते रदीफ आणि काफिया, म्हणजे पुन्हा पुन्हा परतणारा आवाज. हा फरक मुलांना समजावताना आम्ही तांबट आळीचे उदाहरण देतो. आळीतून चालत जाताना प्रत्येक दुकानातले भांडे वेगळे, कारागीर वेगळा, पण ठोक्याचा आवाज तोच परततो आणि त्या आवाजाने ती सारी आळी एक होते.

हे सारे सांगायचे कारण चित्रपट. आम्हा काही शिक्षक मित्रांत गेल्या काही महिन्यांत जुने चित्रपट पाहून चर्चा करण्याची सवय जडली आहे, आणि दर वेळी वाद एकाच ठिकाणी येऊन अडतो. एक गट म्हणतो, ‘ज्यात काही घडतच नाही तो चित्रपट कसला?’ दुसरा म्हणतो, ‘गोष्टच हवी तर पुस्तक वाचा, पडद्याने डोळ्यांना काही द्यायला नको?’ आमच्या मते हा वाद दिसतो तितका हौशी नाही. मुसलमानाचे घर पडद्यावर कसे दिसावे, या प्रश्नाशी तो थेट जाऊन भिडतो.

या वादाची दोन्ही टोके पुण्यातच एका आवारात सापडतात. कसब्यातून निघून नदी ओलांडली की लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभातचा जुना स्टुडिओ लागतो. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात कंपनी १९३३ साली पुण्यात आली आणि १९४१ साली याच आवारात व्ही. शांताराम यांनी ‘शेजारी’ केला. मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव केला त्याच्या पुढचेच हे वर्ष, हे ध्यानात ठेवावे. जिवबा आणि मिर्झा या दोन जिवलग शेजाऱ्यांच्या मैत्रीत धरण बांधायला आलेल्या कंत्राटदाराचा स्वार्थ फूट पाडतो. शेवटी धरण फुटते आणि दोघे म्हातारे हातात हात घेऊन पाण्याला मिळतात. मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत मिर्झा जागीरदारांकडेच राहिला, पण हिंदू ठाकूर झाले मजहर खान. मुसलमान नटाने हिंदू व्हावे आणि हिंदू नटाने मुसलमान, ही निवडच त्या काळात एक विधान होती.

‘शेजारी’ ही पक्की मसनवी आहे. प्रत्येक प्रसंग पुढच्याला जन्म देतो, संशयातून दुरावा येतो, दुराव्यातून सर्वनाश, आणि प्रेक्षक श्वास रोखून ‘फिर क्या हुआ?’ विचारत राहतो. शांतारामांचे चित्रीकरणही डोळे दिपवणारे आहे. धरण फुटण्याचा प्रसंग आजही पाहावा असा आहे. पण ते सारे दृश्यवैभव गोष्टीच्या सेवेला जुंपलेले आहे, तिच्या आधी एक पाऊलही टाकत नाही.

१९५३ साली प्रभात बंद पडली. १९६० साली त्याच आवारात सरकारने चित्रपट-शिक्षणाची संस्था सुरू केली आणि तिचे पहिले प्राचार्य झाले ‘शेजारी’तले मिर्झा, म्हणजे गजानन जागीरदार! पुढे ऋत्विक घटक येथे शिकवायला आले आणि मणी कौल, कुमार शहानी यांच्यासारखे विद्यार्थी बाहेर पडले. त्यांनी गुरुजनांच्या आवारातच गोष्टीला उलट सवाल केला, की तू एवढी घाईत का असतेस?

हा सवाल काय होता ते नेमके समजायचे तर एकच गोष्ट दोघांनी सांगितलेली पाहावी. राजस्थानी लेखक विजयदान देथा यांची एक कथा आहे. सावकाराचा मुलगा लग्न होताच पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. झाडावरचे एक भूत नवरीवर भुलते आणि नवऱ्याचे रूप घेऊन घरी येते, पण तिला मात्र खरे काय ते सांगते. ती त्याला स्वीकारते. मूल होते आणि खरा नवरा परततो. शेवटी एक मेंढपाळ युक्तीने भुताला पखालीत कोंडतो. या कथेवर मणी कौल यांनी १९७३ साली ‘दुविधा’ केला आणि अमोल पालेकर यांनी २००५ साली ‘पहेली’.

पालेकर कुशल किस्सागो आहेत. कथा सांगायला त्यांनी कठपुतळ्या आणल्या आणि त्यांना नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांचे आवाज दिले. रंग, गाणी, शाहरुख खान आणि राणी मुखर्जी, मेंढपाळ म्हणून अमिताभ बच्चन. सारे कसे जत्रेसारखे. आणि शेवटही बदलला. पखालीत कोंडलेले भूत नवऱ्याच्या देहात शिरून परतते आणि नवरीला तिचा जिवलग मिळतो. आमच्या घरी हा शेवट पाहून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, हे कबूल केले पाहिजे.

कौल यांचा चित्रपट दीड तासाहूनही कमी आहे आणि तरी तो संथ वाटतो. नट आवेश दाखवत नाहीत. मनातले विचार आणि कथन पडद्यामागून येणारा आवाज शांतपणे सांगतो. मधेच चित्र गोठते. पांढऱ्या भिंतीपाशी लाल ओढणीतला चेहरा, दार, हात, पुन्हा तोच चेहरा. काय घडणार ते आवाजाने आधीच सांगून टाकलेले असते, त्यामुळे ‘पुढे काय’ ही भूकच मारली जाते आणि आपण बाईकडे पाहू लागतो. भूत गेल्यावर ती नवऱ्याबरोबर राहते, गप्प. चित्रपट तिला बोलायला लावत नाही आणि सोडवतही नाही.

दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहावीत. पहेली म्हणजे कोडे, आणि कोड्याला उत्तर असते. दुविधेला ते नसते. पालेकरांच्या गोष्टीने दुविधेचे कोडे केले आणि मग ते सोडवून दाखवले. प्रेक्षक खूश झाला, पण देथांच्या नवरीची कोंडी मात्र सुटल्यामुळेच हरवली. कौल यांनी ती कोंडी आपल्या घरात आणून ठेवली. ध्रुपदाच्या आलापात गायक एकाच स्वराभोवती घुटमळत राहतो, तसे त्यांचे आहे. डागर घराण्याच्या उस्तादांकडे ते ध्रुपद शिकले आणि १९८२ साली ‘ध्रुपद’ हा चित्रपटही त्यांनी केला, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे तुमचा कौल काव्याला. तसे नाही. ‘दुविधा’साठी मणी कौल यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’ला मिळाला. आणि ‘गर्म हवा’ आमच्या बाजूने उभा राहतो तो गोष्टीच्या बळावर.

आग्र्याच्या सलीम मिर्झांची हवेली थोरल्या भावाच्या नावावर असते. भाऊ पाकिस्तानात निघून जातो आणि राहत्या माणसाचे घर निर्वासितांची मालमत्ता ठरून हातचे जाते. मग बँका कर्ज देईनात, जुनी गिऱ्हाइके फिरकेनात, मुलीची दोन लग्ने फाळणीत बुडतात आणि ती जीव देते. या साखळीतली एक कडी काढली तर अन्याय समजणार नाही. तो एका खलनायकाने केलेला नाही. हवेली ज्याला मिळते तो अजमानी स्वतः सिंधमधून उखडून आलेला भला माणूस आहे. अन्याय कायद्याने आणि संशयाने, हप्त्याहप्त्याने केलेला आहे. कागदपत्रांचा हा फेरा गोठलेल्या चेहऱ्यातून किंवा पांढऱ्या भिंतीतून कळत नाही. त्याला ‘आधी हे, म्हणून मग ते’ असे सांगणारा किस्सागोच लागतो. ज्यांची घरे अशी गेली त्यांना गोष्टीची गरज पुराव्याइतकीच असते.

आणि तरी ‘गर्म हवा’तले आम्हांला सर्वांत अधिक आठवते काय? म्हातारी अम्मी. हवेली सोडायची नाही म्हणून ती लाकडाच्या खोलीत दडून बसते. मरणाच्या दारात असताना तिला डोलीतून हवेलीत आणतात. ज्या घरात नवरी म्हणून डोलीतून आली त्याच घरात डोलीतूनच ती शेवटची येते. येथे गोष्ट थांबते. पुढे काय, हे विचारावेसे वाटत नाही. मसनवीच्या मध्यात अचानक गझलेचा शेर यावा तसा हा प्रसंग आहे.

या चित्रपटाची पटकथा शमा जैदी यांच्यासह लिहिणारे कैफी आझमी बावीस वर्षांनी स्वतः पडद्यावर आले, सईद अख्तर मिर्झा यांच्या ‘नसीम’मध्ये (१९९५). सईद मिर्झा हेही लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्याच संस्थेत शिकलेले. जून ते डिसेंबर १९९२ या महिन्यांतले मुंबईतले एक घर. शाळकरी नसीम, अंथरुणाला खिळलेले दादाजान, खोलीत टीव्हीवरच्या बातम्या. दादाजान नातीला आग्र्याचे जुने दिवस सांगतात. बाहेर काय शिजते आहे ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून ‘फिर क्या हुआ?’ विचारण्याची सोय दिग्दर्शकाने ठेवलेली नाही. सहा डिसेंबरला दादाजान जातात. मशीद पडताना दाखवण्यापेक्षा घरातले एक माणूस जाणे सईद मिर्झांना पुरेसे वाटले.

यात एक प्रसंग आहे. मुलगा वैतागून बापाला विचारतो, फाळणीच्या वेळी तुम्ही पाकिस्तानात का गेला नाहीत? दादाजान सांगतात, आग्र्याच्या घरासमोर एक झाड होते, ते तुझ्या आईला आणि मला फार आवडायचे. बस, एवढेच. देशभक्तीचे भाषण नाही, पुरावा नाही, शपथ नाही. आमच्या अम्मीने हा चित्रपट भाजी निवडता निवडता पाहिला. पहिल्या अर्ध्या तासात तिने तीनदा विचारले, ‘इसमें कुछ होता क्यूं नहीं?’ झाडाची गोष्ट आली तेव्हा तिचे हात थांबले. थोड्या वेळाने म्हणाली, ‘वो झाडवाली बात फिरसे लगा.’

‘शेजारी’ आणि ‘नसीम’ यांत चोपन्न वर्षांचे अंतर आहे. १९४१ च्या मिर्झाला आपली मैत्री सिद्ध करण्यासाठी मरावे लागले. त्या काळी ते मोठेच धाडस होते आणि त्याबद्दल शांतारामांचे ऋण मानले पाहिजे. पण गोष्टीची एक सक्ती असते. तिला शेवट लागतो, आणि मुसलमान पात्राचा शेवट बहुधा परीक्षेत पास होऊन किंवा नापास होऊन होतो. ‘नसीम’मधल्या म्हाताऱ्याची परीक्षाच कोणी घेत नाही. त्याला एक झाड आवडत होते, एवढे सांगून तो उशीवर मान टेकतो.

या मार्गातला दोषही सांगितला पाहिजे. काव्याच्या वाटेने जाणारे हे चित्रपट आमच्या पेठेपर्यंत आले नाहीत. ‘नसीम’ला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण शेख सल्ल्याच्या दर्ग्याभोवती राहणाऱ्या किती घरांनी तो पाहिला? आणि प्रत्येक संथ चित्र हे काव्य नसते, हेही खरे. रदीफ सांभाळता आला नाही की गझल म्हणजे सुट्या ओळींचा ढीग होतो. तसे कित्येक चित्रपट आम्ही जांभया देत पाहिले आहेत.

शेवटी एक गोष्ट आमच्याच लेखक मित्रांसाठी. आमच्या अंकांतल्या कथा वाचताना वाटते, की आम्हीही अजून ‘शेजारी’च लिहितो आहोत. दंगल होते, शेजारी शेजाऱ्याला वाचवतो, दोघांच्या डोळ्यांत पाणी येते. किंवा दंगल होते आणि कोणी वाचवत नाही. दोन्ही खरे आहे, आणि घर गेल्याची गोष्ट कागदपत्रांसकट सांगत राहायलाही हवी. पण मधल्या साऱ्या दिवसांचे काय? त्या दिवसांत तांबट आळीत ठोके पडत असतात, नानीच्या पानाच्या डब्याचे झाकण वाजत असते, अंगणातल्या झाडाची पाने कोणीतरी झाडून काढत असते. त्यांवर कोणी लिहिले, तर वाचणारी अम्मी कदाचित पुढचे पान उलटायला विसरेल.