९३ टक्के कशाचे? भाड्याचे अर्ज, खोटे पे-स्टब आणि एका सर्वेक्षणाचं वाचन

मागच्या उन्हाळ्यात मला इथे अमेरिकेत घर बदलायचं होतं. अर्जासोबत तीन महिन्यांचे पे-स्टब, म्हणजे आपल्याकडच्या सॅलरी स्लिप, जोडले. दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘उत्पन्नाची पडताळणी होऊ शकली नाही.’ खूप मागे लागल्यावर कारण कळलं. माझ्या पे-स्टबवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात शून्य होती, म्हणून सॉफ्टवेअरने तो संशयास्पद ठरवला होता.

पण ती शून्यच असते! एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं हे दोन कर लागत नाहीत. विद्यापीठाचं पत्र दिलं, प्रकरण मिटलं, पण तोवर घर दुसऱ्याला गेलं होतं.

राग आला. पण राग म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून या तपासणीच्या समर्थनार्थ जो आकडा सारखा पुढे केला जातो, तो कुठून आला ते शोधलं.

आकडा काय मोजतो?

आकडा आहे ९३.३ टक्के. नॅशनल मल्टिफॅमिली हाउसिंग कौन्सिल ही अपार्टमेंटचे मालक आणि व्यवस्थापक कंपन्यांची संघटना. तिने २०२४च्या सुरुवातीला एक सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. मागच्या १२ महिन्यांत अर्जांमध्ये फसवणुकीचा अनुभव आला, असं ९३.३ टक्के प्रतिसादकांनी सांगितलं. हे ऐकून ‘शंभरातले ९३ अर्ज खोटे’ असं वाटलं का? मलाही क्षणभर वाटलं होतं. पण इथे मोजल्यात त्या कंपन्या, अर्ज नव्हेत. प्रतिसादक ७५, त्यातले ७० ‘हो’ म्हणाले. समजा, एका कंपनीकडे वर्षाला वीस हजार अर्ज येतात आणि त्यात एकच खोटा निघाला, तरी तिचं उत्तर ‘हो’च. म्हणजे खोट्या अर्जांचं प्रमाण या टक्केवारीतून कळतच नाही.

दुसरा आकडा: ७०.७ टक्के प्रतिसादकांच्या मते फसवणूक वाढली. वाढली असेलही. पण त्याच काळात तपासणीही कडक झाली असेल, तर सापडणारी प्रकरणं वाढणारच. घडणं वाढलं की सापडणं वाढलं, हे वेगळं केल्याशिवाय ‘वाढ’ हा शब्द वापरू नये.

सर्वेक्षण छोटं आहे आणि ते प्रतिसादकांचा अनुभव विचारतं, हे ते लपवत नाही. चूक होते ती आकडा उचलणाऱ्यांकडून.

खुणा चांगल्या, निष्कर्ष घाईचा

खोटे पे-स्टब बनतात, यात वाद नाही. ते ओळखायच्या खुणाही समजण्यासारख्या आहेत. वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज जुळत नाही. सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के, हा हिशोब लागत नाही. हातात आलेली रक्कम बँक स्टेटमेंटमधल्या जमेशी जुळत नाही. पीडीएफ एखाद्या एडिटिंग सॉफ्टवेअरमधून बाहेर पडलेली दिसते.

पण प्रत्येक खुणेला प्रामाणिक कारणही असू शकतं. कपात नसण्याचं कारण वर सांगितलंच. पगार दोन खात्यांत विभागून येत असेल, तर जमा कमी दिसेल. फाइल लहान करायला एखाद्या ॲपमधून काढली, तर पीडीएफची माहिती बदलेल. फेलोशिपवरच्या विद्यार्थ्याकडे तर बऱ्याचदा पे-स्टबच नसतो.

आता जरा गणित करू. आकडे मी धरलेले आहेत. १००० अर्जांपैकी ४० खोटे. सॉफ्टवेअर खोट्यांपैकी ९० टक्के पकडतं, म्हणजे ३६. खऱ्यांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून खूण करतं, म्हणजे ९६० पैकी ४८. एकूण लाल खुणा ८४, आणि त्यातले निम्म्याहून जास्त अर्जदार प्रामाणिक! सॉफ्टवेअर वाईट नसतानाही असं होतं, कारण मुळात खोटे अर्ज कमी धरलेत. मूळ प्रमाण माहीत नसेल तर लाल खुणेवर किती विश्वास ठेवायचा हे ठरवता येत नाही. आणि ९३.३ टक्के हे मूळ प्रमाण नाही.

सगळ्यात मोठी अडचण

खूण झालेला अर्जदार बहुतेक वेळा भांडत बसत नाही, दुसरं घर शोधतो. त्याचा कागद खरोखर खोटा होता का, हे मग कोणी तपासत नाही. नोंदीत तो ‘पकडलेली फसवणूक’ म्हणून राहू शकतो. मी मागे लागलो नसतो, तर मीही तसाच राहिलो असतो. ज्या चुका कधी तपासल्याच जात नाहीत, त्या चुकांचा दर कमीच दिसणार. संशोधनात याला पडताळणीतला पक्षपात म्हणतात. वैद्यकीय चाचण्यांच्या अभ्यासात हा प्रश्न जुना आहे.

मग चांगला अभ्यास कसा असेल? खूण झालेले आणि न झालेले, दोन्हींतून यादृच्छिक नमुना घ्यावा. अर्जदाराच्या संमतीने पगार देणाऱ्या संस्थेकडूनच उत्पन्नाची खात्री करावी, आणि फोन नंबर कागदावरचा न घेता स्वतः शोधलेला वापरावा. चुकीच्या खुणा कोणत्या गटांवर जास्त होतात, तेही सांगावं. घरमालकालाही याचा फायदाच आहे. नियमित भाडं देणारा भाडेकरू गमावणं त्याच्याही सोयीचं नाही.

तुम्ही पीएच.डी.च्या मुलाखतीची किंवा प्रस्तावाची तयारी करत असाल, तर तुमच्या विषयातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा एक टक्का निवडा आणि तीन प्रश्न लिहून काढा: छेदात कोण आहे? ‘हो’ म्हणायला किती पुरे होतं? चूक झाली असती, तर ती कोणाला कळली असती? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कोणालाच नाही’ असं आलं, तर तुमचा संशोधन प्रश्न बहुधा तिथेच आहे.